स्तनाच्या कर्करोगाचा दूरचा धागा शोधणारे डॉ. बीटसन

स्तनाचा कर्करोग झालेल्या आणि मासिक पाळी अजून सुरू असलेल्या काही महिलांना दर २८ दिवसांनी पोटाच्या कातडीखाली एक इंजेक्शन दिले जाते. या इंजेक्शनमध्ये द्रव औषध नसते. जाडसर सुईतून साधारण तांदळाच्या दाण्याएवढी एक कांडी शरीरात सोडली जाते आणि ती महिनाभर हळूहळू विरघळत राहते. या औषधाचे नाव गोसेरेलिन. ते एक पेप्टाइड आहे. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्याच अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. गोसेरेलिनच्या साखळीत अवघे दहा दुवे आहेत.

हे औषध कर्करोगाच्या गाठीवर थेट हल्ला करत नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर काम करते आणि तिच्यामार्फत अंडाशयांचे काम थांबवते. रोग स्तनात, औषध पोटावर, परिणाम मेंदूजवळच्या ग्रंथीवर आणि बंद पडतात ती अंडाशये! रुग्णाला किंवा तिच्या घरच्यांना हा उलटसुलट प्रवास चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. मात्र त्यामागचा विचार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. संप्रेरक हा शब्दही जेव्हा कुणी उच्चारला नव्हता, तेव्हा स्कॉटलंडमधल्या एका शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाचा संबंध अंडाशयांशी जोडला आणि तो शस्त्रक्रियेने पडताळून पाहिला. त्यांचे नाव सर जॉर्ज थॉमस बीटसन.

बीटसन यांचा जन्म १८४८ मध्ये सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, त्रिंकोमाली येथे झाला. वडील ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या मानद वैद्यांमध्ये त्यांची गणना झाली. मुलाचे शालेय शिक्षण आइल ऑफ मॅन या बेटावर आणि पदवीचे शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. त्यानंतर वैद्यकशास्त्रासाठी ते एडिंबरोला आले. त्या काळी शस्त्रक्रिया शिकण्यासाठी याहून चांगले ठिकाण क्वचितच असेल, कारण जोसेफ लिस्टर तेव्हा तिथे शिकवत होते.

जखमेत जंतू शिरले की ती चिघळते, हे लिस्टर यांनी ओळखले होते आणि कार्बोलिक आम्ल वापरून जखमा, हत्यारे व हात निर्जंतुक करण्याची पद्धत रुजवली होती. त्याआधी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण पुढच्या आठवड्यात जंतुसंसर्गाने दगावणे ही नित्याची गोष्ट होती. पोट उघडायचे तर सर्जनचेही हात कचरत. तरुण बीटसन यांनी लिस्टर यांच्या हाताखाली निवासी डॉक्टर म्हणून काम केले आणि ही पद्धत जवळून आत्मसात केली. पुढे त्यांनी जे धाडस केले, ते या शिकवणीशिवाय शक्यच झाले नसते.

१८७६ च्या सुमारास त्यांच्या आयुष्याला एक अनपेक्षित वळण मिळाले. मानसिक आजार असलेल्या एका जमीनदाराची देखभाल करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यासाठी स्कॉटलंडच्या पश्चिम भागातल्या ग्रामीण जहागिरीवर त्यांना मुक्काम करावा लागला. हाताशी वेळ भरपूर होता आणि एमडीचा प्रबंध लिहायचा होता. शेजारी मेंढ्यांचा मोठा वाडा होता. कोकरांना आईपासून तोडण्याचे, म्हणजे दूध सोडवण्याचे दिवस होते. मेंढीला दूध येते कसे, ते टिकते कसे आणि थांबते कसे, हे रोज डोळ्यांसमोर घडत होते. बीटसन यांनी प्रबंधासाठी हाच विषय घेतला.

दूध तयार होण्याच्या प्रक्रियेत दोन गोष्टींनी त्यांचे लक्ष वेधले. पहिली सूक्ष्मदर्शकाखालची. दूध येऊ लागते तेव्हा स्तनातल्या नलिकांच्या अस्तराच्या पेशी झपाट्याने वाढतात आणि नलिका भरून टाकतात. त्यानंतर या पेशींमध्ये स्निग्धांश साठतो, त्या फुटतात आणि त्यातून दूध बनते, अशी त्या काळची समजूत होती. स्तनाच्या कर्करोगातही याच पेशी अशाच वाढतात. फरक इतकाच, की तिथे त्या फुटून संपत नाहीत, तर आजूबाजूच्या भागात घुसत जातात. पहिली पायरी सारखी आणि पुढची वाट वेगळी, असे हे साम्य होते.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यांच्या अनुभवातली. काही देशांत गाय व्याल्यानंतर तिची अंडाशये काढून टाकत, म्हणजे ती दीर्घकाळ दूध देत राहते, असे त्यांना समजले. याचा अर्थ स्तनातल्या पेशींनी काय करावे, हे निदान काही अंशी दूर ओटीपोटात असलेल्या अंडाशयांवर ठरते. शरीरातले असे हुकूम मज्जातंतूंमार्फतच जातात, असे मानण्याचा तो काळ होता. एक अवयव दुसऱ्या, दूरच्या अवयवाच्या कामावर ताबा ठेवतो, हा विचार तेव्हा नवा होता. बीटसन यांनी तो प्रबंधात मांडला आणि १८७८ मध्ये एडिंबरो विद्यापीठाची एमडी पदवी मिळवली. कर्करोगावरच्या उपचाराची कल्पना मनात होती, पण ती अमलात यायला आणखी सतरा वर्षे जावी लागली.

दरम्यान ते ग्लासगोमध्ये स्थिरावले. जहाजबांधणीच्या गोद्या, पोलाद आणि कोळसा यांवर वाढलेले हे औद्योगिक शहर. कारखान्यांत आणि रस्त्यावर रोज अपघात होत. जखमी माणूस रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याचे काय करायचे, हे आसपासच्या कुणालाच माहीत नसे. बीटसन वेस्टर्न इन्फर्मरी या रुग्णालयात सर्जन होतेच, पण त्यांनी या प्रश्नातही लक्ष घातले. १८८२ मध्ये ग्लासगोत स्थापन झालेल्या सेंट अँड्र्यूज अॅम्ब्युलन्स असोसिएशन या संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. सामान्य कामगारांना प्रथमोपचार शिकवणे आणि रुग्णवाहिका चालवणे हे या संस्थेचे काम. पुढे स्कॉटलंडमधल्या रेड क्रॉसची धुराही त्यांनी सांभाळली. त्यांच्या हयातीत बहुतेक लोक त्यांना ओळखत ते याच कामासाठी.

ग्लासगोमध्ये १८९० मध्ये खास कर्करोगासाठी एक रुग्णालय सुरू झाले होते. काही वर्षांतच बीटसन तिथे सर्जन म्हणून आले. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती उपचार किती होते, याची कल्पना करून पाहा. केमोथेरपी नव्हती. क्ष-किरणांचा शोध लागायचा होता, त्यामुळे रेडिएशन नव्हते. सुरी एवढेच साधन होते. अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम हॉलस्टेड संपूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सारे एकत्र काढून टाकत होते. १८९४ मध्ये त्यांनी आपल्या पन्नास शस्त्रक्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि पुढची अनेक दशके जगभर त्यांचीच पद्धत प्रमाण मानली गेली. कर्करोग हा एका जागेचा रोग आहे आणि तो जितका रुंद व खोल कापून काढाल तितके बरे, ही त्यामागची धारणा होती. पण कापण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांचे काय? त्यांना वेदनाशामक देऊन घरी पाठवण्याखेरीज मार्ग नव्हता.

मे १८९५ मध्ये अशीच एक रुग्ण बीटसन यांच्याकडे आली. वय ३३ वर्षे, दोन मुलांची आई. मूल अंगावर पीत असताना तिला स्तनात गाठ जाणवली होती. दुसऱ्या एका सर्जनने तिचा स्तन काढला होता. पण काही महिन्यांतच शस्त्रक्रियेच्या व्रणाभोवती रोग पुन्हा उगवला आणि छातीच्या भिंतीला चिकटला. पुन्हा कापण्यात अर्थ नव्हता. बीटसन यांनी आधी काही दिवस तिला थायरॉइड ग्रंथीचा अर्क देऊन पाहिला. गुण आला नाही. मग त्यांनी तिच्यापुढे आणि तिच्या नवऱ्यापुढे आपली कल्पना मांडली. हा उपाय आजवर कुणावर झालेला नाही आणि त्याचा उपयोग होईलच असे नाही, हे त्यांनी दोघांना समजावून सांगितले. दोघांनी होकार दिला.

१५ जून १८९५ रोजी बीटसन यांनी तिची दोन्ही अंडाशये आणि बीजवाहिन्या काढल्या. छातीवरच्या गाठींना त्यांनी हातही लावला नाही. पाचेक आठवड्यांत गाठी मऊ आणि लहान होऊ लागल्या. आठ महिन्यांनी तपासले, तेव्हा डोळ्यांना दिसणारा किंवा हाताला लागणारा रोग उरला नव्हता. जी बाई अखेरचे दिवस मोजत होती, ती चालती-फिरती झाली होती.

१८९६ च्या मे महिन्यात त्यांनी एडिंबरोच्या वैद्यकीय सभेत ही माहिती दिली आणि जुलैमध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या दोन अंकांत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. हा लेख आजही वाचण्यासारखा आहे, तो त्यातल्या संयमासाठी. शीर्षकातच त्यांनी याला नव्या उपचाराची सूचना म्हटले आहे, कर्करोगावरचा इलाज म्हटलेले नाही. पहिल्या रुग्णाइतका ठळक परिणाम इतरत्र दिसला नाही, हेही त्यांनी झाकून ठेवले नाही. शस्त्रक्रियेबरोबर थायरॉइडचा अर्कही सुरू होता, हे त्यांनी नोंदवले. या अर्कालाही थोडे श्रेय असावे, असे त्यांना वाटत होते. ते खरे नव्हते. अंडाशये काढल्यावर कर्करोगाच्या पेशी स्निग्धांशाने भरून फुटत असतील, ही त्यांची उपपत्तीही पुढे टिकली नाही. मूळ मुद्दा मात्र टिकला: स्तनातली गाठ काही वेळा दुसऱ्याच अवयवाच्या हुकमावर वाढत असते आणि तो हुकूम थांबवता येतो.

ती रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सुमारे चार वर्षे जगली. अखेर रोग परतला आणि त्यातच तिचा अंत झाला. ज्या अवस्थेत ती आली होती, तिथून चार वर्षे मिळणे ही तेव्हा कल्पनेपलीकडची गोष्ट होती. दोन लहान मुलांच्या आईसाठी तर ती फारच मोठी होती. पण ही मुक्तता कायमची नसते, हा कटू धडाही याच पहिल्या रुग्णाने दिला.

इंग्लंडमधल्या सर्जननी ही शस्त्रक्रिया उचलून धरली. स्टॅनली बॉइड यांनी १९०० मध्ये आणि ह्यू लेट यांनी १९०५ मध्ये अशा रुग्णांचा आढावा घेतला. लेट यांच्या आढाव्यात ९९ महिला होत्या. साधारण एक तृतीयांश महिलांना स्पष्ट फायदा होतो, असे चित्र पुढे आले. उरलेल्या दोन तृतीयांश महिलांची अंडाशये मात्र विनाकारण जात होती. कुणाला फायदा होईल, हे आधी ओळखण्याचा मार्ग नव्हता. पोट उघडण्याचा धोका होताच. शिवाय या प्रश्नाला एक बोचरी पार्श्वभूमीही होती. १८७० च्या दशकापासून उन्माद किंवा मानसिक त्रासाच्या नावाखाली स्त्रियांची निरोगी अंडाशये काढण्याची टूम अमेरिका-युरोपात निघाली होती. त्यावर टीकेचे मोहोळ उठलेले होते. तरुण बाईची अंडाशये काढणे म्हणजे तिचे मातृत्व, तिची पाळी आणि हाडांची ताकद यांवर एका फटक्यात पाणी सोडणे. एक तृतीयांश शक्यतेसाठी ही किंमत द्यायची का, हा प्रश्न खरा होता. हळूहळू उत्साह ओसरला आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली.

बीटसन मात्र कामात राहिले. १९०७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९१२ मध्ये त्यांच्या रुग्णालयात कर्करोग संशोधनासाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या वाहतुकीची आणि शुश्रूषेची मोठी जबाबदारी स्कॉटिश रेड क्रॉसने पेलली, तेव्हा साठी ओलांडलेले बीटसन तिच्या अग्रभागी होते. १९३३ मध्ये वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पुढे त्या रुग्णालयाला आणि संशोधन संस्थेला त्यांचे नाव दिले गेले. आजही पश्चिम स्कॉटलंडमधल्या मुख्य कर्करोग केंद्राला तिथले लोक नुसते बीटसन म्हणूनच ओळखतात.

त्यांचे म्हणणे बरोबर का होते, हे विज्ञानाला तुकड्या-तुकड्यांनी उमगत गेले. १९०५ मध्ये इंग्लंडमधले शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हॉर्मोन हा शब्द रूढ केला. हॉर्मोन, म्हणजेच संप्रेरक, हे रक्तातून जाणारे रासायनिक निरोप असतात. १९२३ मध्ये एडगर अॅलन आणि एडवर्ड डॉइझी या अमेरिकी संशोधकांनी अंडाशयातल्या संप्रेरकाचा छडा लावला. आज आपण त्याला इस्ट्रोजेन म्हणतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोमध्ये एल्वुड जेन्सन यांनी दाखवून दिले, की काही पेशींमध्ये इस्ट्रोजेनला धरून ठेवणारे खास रिसेप्टर असतात. कुलुपात किल्ली बसावी तसे इस्ट्रोजेन त्यात बसते आणि पेशीला वाढण्याचा निरोप मिळतो. स्तनाच्या ज्या गाठींमध्ये हे रिसेप्टर असतात, त्याच गाठी अंडाशयांचे ऐकतात. बीटसन यांच्या काळात एक तृतीयांश महिलांनाच फायदा का होत होता, या कोड्याचे मोठे उत्तर इथे होते. ज्या गाठींत कुलूपच नाही, तिथे किल्ली काढून घेऊन काय उपयोग?

पण अंडाशयांना तरी हुकूम कोण देते? त्याचा शोध घेत संशोधक मेंदूपर्यंत पोहोचले. मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग साधारण तासा-दीड तासाच्या अंतराने एका पेप्टाइडचे छोटे झटके सोडतो. ते पिट्युटरी ग्रंथीला जागे करतात, पिट्युटरी अंडाशयांना जागे करते आणि अंडाशये इस्ट्रोजेन बनवतात. हे पेप्टाइड इतक्या सूक्ष्म प्रमाणात असते, की ते हाती लागण्यासाठी अमेरिकेत अँड्र्यू शॅली यांच्या गटाला लाखाहून अधिक डुकरांच्या मेंदूतला तो भाग गोळा करावा लागला. त्यांचे प्रतिस्पर्धी रॉजर गिलेमिन हेच काम मेंढ्यांच्या मेंदूवर करत होते. १९७१ मध्ये या पेप्टाइडची रचना उलगडली. त्यात दहा अमिनो आम्ले होती. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग या दोघांना मिळाला.

नैसर्गिक पेप्टाइड औषध म्हणून वापरणे अवघड होते. तोंडाने घेतले तर पोटातले पाचक रस त्याचे तुकडे करतात. रक्तात दिले तर तिथली विकरे काही मिनिटांत त्याचा फडशा पाडतात. यावर रसायनशास्त्रज्ञांनी एक युक्ती केली. साखळीतला सहावा दुवा काढून त्याजागी आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा अमिनो आम्लाचा दुवा बसवला. डाव्या हातमोज्यात उजवा हात शिरत नाही, तसे विकरांना हा उलटा दुवा पकडता येत नाही. शेवटचा दुवाही थोडा बदलला. अशा रीतीने ब्रिटनमधल्या आयसीआय या कंपनीत गोसेरेलिन तयार झाले. ते ज्या विरघळणाऱ्या पदार्थाच्या कांडीत बसवले, तो शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्याच्या कुळातला आहे. विरघळणारे टाके शस्त्रक्रियेत रुजवणारे सर्जन म्हणजे बीटसन यांचे गुरू लिस्टर, हा एक सुखद योगायोग.

औषधाचे काम मोठे गमतीचे आहे. ते नैसर्गिक पेप्टाइडची नक्कल करते, म्हणजे खरे तर पिट्युटरीला चेतवतेच. पहिले काही दिवस इस्ट्रोजेन वाढतेसुद्धा. पण नैसर्गिक निरोप थांबून-थांबून येतो आणि हा अखंड वाजत राहतो. दाराची घंटा कुणी सतत दाबून धरली, तर घरातले लोक शेवटी लक्ष देणे सोडतात. पिट्युटरीचेही तसेच होते. ती आपले रिसेप्टर आवरून घेते आणि दोन-तीन आठवड्यांत अंडाशयांचे काम जवळपास थांबते. बीटसन यांनी सुरीने जे साधले, ते इथे दहा दुव्यांची साखळी साधते. मोठा फरक असा, की इंजेक्शन बंद केल्यावर अनेक तरुण महिलांची पाळी पुन्हा सुरू होऊ शकते.

‘द लॅन्सेट’मधल्या त्या लेखाला बरोबर शंभर वर्षे झाली, त्या १९९६ सालीच त्याच नियतकालिकात जगभरातल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. अंडाशयांचे काम थांबवलेल्या आणि न थांबवलेल्या, निदानाच्या वेळी पन्नाशीच्या आत असलेल्या दोन हजारांहून अधिक महिलांची त्यात तुलना होती. पंधरा वर्षांनंतर पहिल्या गटात दर शंभर महिलांमागे सुमारे सहा जणी अधिक जिवंत होत्या. बीटसन यांनी हा उपाय रोग पसरल्यावर केला होता. तो सुरुवातीलाच केला तर जीव वाचतात, हे या आढाव्याने पक्के केले.

याची किंमत आजही शून्य नाही. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, झोप उडणे, योनिमार्गाचा कोरडेपणा, मनाची उलघाल आणि हाडे विरळ होणे हे अकाली रजोनिवृत्तीचे सारे त्रास गोसेरेलिनने होऊ शकतात. ते वर्षानुवर्षे दरमहा घ्यावे लागते, त्यामुळे खर्चही मोठा. म्हणूनच मूल नको असलेल्या काही महिला आजही दुर्बिणीतून अंडाशये काढून टाकण्याचा मार्ग निवडतात. तो चुकीचा नाही. भारतात स्तनाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी वयात आढळतो, म्हणजे पाळी सुरू असलेल्या रुग्णांचे प्रमाण आपल्याकडे अधिक आहे. त्यामुळे इंजेक्शन की शस्त्रक्रिया, हा प्रश्न आपल्याकडच्या अनेक घरांत प्रत्यक्ष उभा राहतो.

पेप्टाइडकडून आता याहूनही जास्त अपेक्षा आहेत. पेप्टाइड आकाराने लहान असतात, कारखान्यात हवे तसे घडवता येतात आणि ठरावीक रिसेप्टरला नेमके चिकटतात. मग त्यांच्या पाठीवर केमोथेरपीचे औषध बांधून ते थेट कर्करोगाच्या पेशीत का पोहोचवू नये? शॅली यांच्या गटाने मेंदूतल्या त्याच पेप्टाइडच्या नकलेला डॉक्सोरुबिसिन हे औषध जोडले. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर त्याची मोठी चाचणी झाली, पण २०१७ मध्ये ते नुसत्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा सरस ठरले नाही. स्तनाचा कर्करोग परतू नये म्हणून हर-२ या प्रथिनाच्या नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्यापासून लस बनवली गेली. तिची मोठी चाचणीही २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा दिसत नव्हता. प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर किंवा उंदरांवर चाललेली पेप्टाइड तर कितीतरी आहेत. तिथून रुग्णापर्यंतची वाट लांब आहे. म्हणून पेप्टाइडने कर्करोग बरा होतो, अशी जाहिरात किंवा निरोप मोबाइलवर आला तर तो बाजूला ठेवावा. सिद्ध झालेली पेप्टाइड औषधे कर्करोगतज्ज्ञच देतात आणि तीही ठरावीक रुग्णांनाच.

कुणाला द्यायची, हे ठरते गाठीच्या तुकड्याच्या तपासणीवर. त्या अहवालात इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर-२ असे तीन निष्कर्ष असतात. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर उपचार ठरण्याआधी हा अहवाल हातात आहे का आणि त्याचा अर्थ काय, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पाळी सुरू असेल आणि पुढे मूल हवे असेल, तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे, कारण काही निर्णय नंतर बदलता येत नाहीत.

बीटसन यांच्याकडे असा कोणताही अहवाल नव्हता. त्यांच्याकडे होते मेंढ्यांच्या वाड्यात केलेले निरीक्षण, लिस्टर यांच्याकडून उचललेली स्वच्छ शस्त्रक्रिया आणि जे माहीत नाही ते रुग्णाला समजावून सांगण्याचा प्रामाणिकपणा. त्यांच्या उपपत्तीतला बराच भाग काळाच्या ओघात गळून पडला. पण कर्करोगाची गाठ शरीरापासून तुटलेले स्वतंत्र बेट नसते, तिला कुठून तरी रसद मिळते आणि ती रसद तोडता येते, हे त्यांनी एका ३३ वर्षांच्या आईवर उपचार करून दाखवले. तिला मिळालेल्या चार वर्षांनी जो रस्ता उघडला, त्या रस्त्याने आज जगभरच्या असंख्य महिला पुष्कळ पुढे गेल्या आहेत.